गावाचा फोटो गावाला दाखवा



आपल्या घराच्या भिंतीवर एखादा तरी फोटो असतोच. लग्नातला असेल, वारलेल्या आजोबांचा असेल, नाही तर थोरल्या मुलाचा पदवीच्या झग्यातला असेल. तो कोणत्या साली काढला, त्यात डावीकडे कोण उभे आहे, हे घरातले लहान पोरही बिनचूक सांगते. फोटो घरचा असला म्हणजे त्याला नाव असते, गाव असते, तिथी असते.

पण आपले असेही काही फोटो असतात, की जे आपल्या भिंतीवर कधीच येत नाहीत. दुष्काळ पडला, गारपीट झाली, भूकंप झाला की गळ्यात कॅमेरे अडकवलेली माणसे आपल्या भागात येतात. विहिरीच्या काठाशी, टँकरभोवतीच्या गर्दीत, उसाच्या फडात उभे राहून ती फोटो काढतात आणि आपल्या गाडीत बसून निघून जातात. ते फोटो पुण्यामुंबईचे लोक पाहतात, दिल्लीचे पाहतात, सातासमुद्रापलीकडचेही पाहतात. जळकोटच्या बाजारात मात्र ते कुणी पाहिलेले नसतात. या दुसऱ्या प्रकारच्या फोटोंविषयी, ते काढणाऱ्या माणसांविषयी, आणि काढून झाल्यावर त्या फोटोंचे पुढे काय व्हावे याविषयी आज आपणांशी चार शब्द बोलावेत असे मनात आहे.

अशा छायाचित्रणाला 'डॉक्युमेंटरी' म्हणतात. डॉक्युमेंट म्हणजे दस्तऐवज. सातबारा हा जसा जमिनीचा दस्त, तसे हे छायाचित्र माणसाच्या जगण्याचा दस्त. लग्नातला फोटोवाला आपल्याला 'जरा हसा' म्हणतो. हा माणूस तसे काही म्हणत नाही. काम चाललेले असते, ते चालू असतानाच तो टिपतो. एकाच विषयामागे तो कधी वर्ष, कधी पाच वर्षे हिंडतो. मग त्यातली निवडक चित्रे घेऊन तो प्रदर्शन भरवतो, पुस्तक काढतो, लोकांपुढे आपले नवे काम मांडतो.

मराठवाड्याला ही गोष्ट नवी नाही. आपला भाग निजामाच्या राज्यात होता, तेव्हा राजा दीनदयाळ नावाचे मोठे छायाचित्रकार हैदराबादच्या दरबारी होते. त्यांचा काळ १८४४ ते १९०५. सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना 'राजा' ही पदवी दिली. महाल, मेजवान्या, शिकारी, वेरूळची लेणी, सगळे त्यांनी टिपले. आणि १८९९-१९०० मध्ये मोठा दुष्काळ पडला, तेव्हा औरंगाबादकडच्या दुष्काळग्रस्तांची छायाचित्रेही त्यांच्या नावावर आहेत. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी ती माणसे. त्यांचे अल्बम बांधले गेले, आणि आज ती चित्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेली आहेत. साहेबांनी ती जपली हे बरेच झाले. पण चित्रातला माणूस कोण, कोणत्या गावचा, दुष्काळातून जगला की गेला, हे कुणी लिहून ठेवलेले नाही. ते कदाचित आपलेच खापरपणजोबा असतील. आपण त्यांना ओळखू शकत नाही.

हे फार जुने झाले म्हणाल, तर जवळचे पाहू. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. मी तेव्हा शाळेत जाणारा मुलगा होतो. चार वाजायच्या सुमारास जमीन हादरली, सगळी गल्ली अंगणात आली, आणि उजाडल्यावर किल्लारीची बातमी कळली. हजारो माणसे गेली. त्यानंतर कितीतरी दिवस देशोदेशींचे छायाचित्रकार लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांत वावरत होते. पुढे २०१६ चा उन्हाळा आला. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला दहा टाक्यांची पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली, आणि त्या गाडीचा फोटो वर्तमानपत्रांतून सगळ्या देशाने पाहिला.

या लोकांनी फोटो काढले ते वाईट केले असे कुणी म्हणू नये. फोटो गेले म्हणून दूरच्या माणसाला आपली अडचण कळली. शंभर अर्ज करून जे होत नाही, ते कधी कधी एका फोटोने होते. पण फोटोने माणसाला देणेही लागते. ते देणे काय, हे समजायला मी आपणांस जरा लांबची, अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो. ती ऐकताना आपल्याला आपल्याच तालुक्यातली माणसे आठवतील.

१९३६ चा मार्च महिना. कॅलिफोर्नियात निपोमो नावाच्या ठिकाणी वाटाण्याच्या शेंगा तोडणाऱ्या मजुरांचा तळ पडला होता. गारठ्याच्या पावसाने पीक गेले, काम नाही, खायला नाही. डोरोथिया लँग नावाची बाई सरकारी खात्याच्या कामासाठी छायाचित्रे काढत फिरत होती. तिला तिथे तंबूत बसलेली एक आई दिसली. मांडीवर तान्हे मूल, दोन्ही खांद्यांवर मान टाकून पाठमोरी उभी दोन लेकरे, आणि तिची स्वतःची नजर कुठे तरी दूर लागलेली. लँगने काही फोटो काढले आणि ती गेली. ते फोटो वर्तमानपत्रात आले. सरकारने लगबगीने त्या तळावर सुमारे नऊ टन अन्नधान्य पाठवले. पण ती बाई आणि तिची लेकरे तोवर कामाच्या शोधात पुढच्या गावाला निघून गेली होती!

तो फोटो पुढे जगप्रसिद्ध झाला. टपालाच्या तिकिटावर आला, पाठ्यपुस्तकांत आला. बाईचे नाव मात्र जगाला ४२ वर्षे ठाऊक नव्हते. १९७८ साली ते कळले. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. तेव्हा ती म्हातारी झाली होती. तिचे गाऱ्हाणे साधेच होते. तिने माझे नाव विचारले नाही, प्रत पाठवते म्हणाली ती पाठवली नाही, त्या फोटोतून मला काही मिळाले नाही. लँगचीही बाजू आहे. फोटो सरकारच्या मालकीचा, त्यावर तिलाही कमाई झाली नाही. फोटो चांगला होता, हेतू चांगला होता, उपयोगही झाला. पण जिचा फोटो तिच्या हाती तो गेला नाही. देणे राहिले ते हे.

आता हे देणे फेडण्याचा प्रयत्न आपल्याकडे कुणी केला आहे काय? केला आहे, आणि तो ऐकण्यासारखा आहे.

पी. साईनाथ हे नाव शेतीप्रश्नावर वाचणाऱ्या शिक्षकांना परिचयाचे असेल. १९९३ ते २००२ या काळात त्यांनी दहा राज्यांत हिंडून कष्टकरी बायकांची छायाचित्रे काढली. वीटभट्टीवरच्या, लावणीच्या चिखलातल्या, सरपणाचा भारा घेऊन चाललेल्या. त्यांचे प्रदर्शन तयार झाले. काम डोळ्यांपुढे दिसते पण ते करणारी बाई दिसत नाही, असा त्याच्या नावाचा अर्थ. आता असे प्रदर्शन भरते कुठे? मोठ्या शहरात, थंडगार दालनात, मंद दिव्यांखाली. हे प्रदर्शन मात्र बसस्थानकांवर मांडले गेले, रेल्वे स्टेशनांवर मांडले गेले, कारखान्यांच्या दारांशी, शेतमजुरांच्या मेळाव्यांत, शाळा-कॉलेजांत मांडले गेले. सात लाखांहून जास्त माणसांनी ते आपल्या देशात पाहिले. दालनात कधीही न शिरणारी बाई बसची वाट पाहता पाहता आपल्यासारखीच दुसरी बाई भिंतीवर पाहते. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये साईनाथांनी ग्रामीण भारताचे दप्तरच इंटरनेटवर उघडले. 'परी' या नावाने ते ओळखले जाते. त्यातला मजकूर मराठीतही वाचायला मिळतो. आपल्या मोबाइलवर तो फुकट उघडतो. फोटोखाली माणसाचे नाव, गाव, जिल्हा दिलेला असतो. शिक्षकांनी तो मुलांना जरूर दाखवावा.

याच 'परी'साठी काम करणारे तमिळनाडूचे एम. पलनी कुमार हे छायाचित्रकार. त्यांची आई मासे विकून घर चालवी. २०१३ साली कर्ज काढून त्यांनी पहिला कॅमेरा घेतला. गटारे साफ करताना मरणाऱ्या कामगारांची, मच्छीमार बायकांची छायाचित्रे त्यांनी काढली. ती बायकांची आणि मुलांची शिबिरे घेऊन त्यांच्या हातात कॅमेरा देतात. २०२२ साली प्रसिद्ध छायाचित्रकार दयानिता सिंह यांच्या नावाचा पहिला पुरस्कार त्यांना मिळाला.

आपल्या मराठी माणसांतही असे काम करणारे आहेत. सुधारक ओलवे हे अकोल्याचे. मुंबईत वर्तमानपत्राचे छायाचित्रकार म्हणून काम करता करता महापालिकेच्या सफाई कामगारांचे आयुष्य त्यांनी वर्षानुवर्षे टिपले. कचऱ्याच्या ढिगात उतरलेला माणूस, गटारातून डोके वर काढणारा माणूस, आणि संध्याकाळी आपल्या खोलीत लेकरांत बसलेला तोच माणूस. असे काम करणाऱ्यांत मराठवाड्यातून पोटासाठी मुंबईला गेलेली आपली माणसेही आहेत. ही चित्रे त्यांनी देशात आणि परदेशात मांडली, त्यांचे पुस्तक केले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्याचे संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांबरोबर गावोगाव हिंडून 'तमाशा : एक रांगडी गंमत' हे पुस्तक केले. रंगमंचावरची नाचणारी बाई सगळ्यांनी पाहिलेली असते. फडातले तिचे रोजचे जगणे कुणी पाहिलेले नसते. पंढरीच्या वारीवरही त्यांचे असेच काम आहे.

कुणी म्हणेल, ही मंडळी आपल्याच कामाची टिमकी वाजवतात. प्रदर्शने काय, पुस्तके काय, इंटरनेट काय! मला तसे वाटत नाही. कुंभार मडकी घडवतो आणि घरात रचून ठेवतो काय? तो ती बाजारात नेतो, वाजवून दाखवतो. फोटो कुणी पाहिलाच नाही तर तो काढला काय आणि न काढला काय, सारखेच. आपले नवे काम लोकांपुढे आणणे हा छायाचित्रकाराचा धर्मच आहे. माझे म्हणणे इतकेच, की त्या बाजारांच्या यादीत ज्या गावची माती त्या गावचाही बाजार असावा.

हे मी पुस्तके वाचून शिकलो असे आपणांस वाटेल. तसे नाही. मी ते चूक करून शिकलो. ती चूक आता सांगतो.

आपल्या जळकोट तालुक्याचा भाग डोंगराळ आणि कोरडवाहू. दसरा-दिवाळी झाली की वाड्यातांड्यांवरची बरीच घरे कुलूप लावून ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. २०१७ च्या हिवाळ्यात मी काही कामाने पश्चिम महाराष्ट्रात गेलो होतो. रस्त्याकडेला एका फडात आपल्याकडची टोळी दिसली. भाषेवरून ओळखले. खाली उतरलो, बोललो आणि मोबाइलने पंधरावीस फोटो काढले. परत आल्यावर ते मोठे करून घेतले आणि 'श्रमाची चित्रे' असे नाव देऊन कॉलेजच्या सभागृहात लावले. प्राध्यापकांनी कौतुक केले. मलाही आपण काही चांगले केले असे वाटले. त्यांत एक फोटो होता. डोक्यावर उसाची मोळी घेऊन एक बाई फळीवरून ट्रकमध्ये चढते आहे, घामाने चेहरा डबडबलेला, आणि खाली पाचटावर कुणाचे तरी मूल झोपलेले. खाली मी लिहिले होते, 'ऊसतोड मजूर स्त्री'.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातला एक मुलगा त्या फोटोपुढे उभा राहिलेला मी पाहिला. दुसऱ्या दिवशी तो वर्गात आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला, तेव्हा त्याच्या मित्राने मला सांगितले, "सर, ती त्याची आई हाय. पोरं त्याला चिडवायलीत."

मी तो फोटो त्याच दिवशी उतरवला. पण उतरवून काय होते? मी त्या बाईला विचारले नव्हते. फोटो कुठे लावणार हे सांगितले नव्हते. तिचे गाव आपल्याच तालुक्यातले आहे एवढे ऐकूनही नाव विचारायचे मला सुचले नव्हते. वर्गात मी श्रमाच्या प्रतिष्ठेवर तासभर बोलू शकतो. आणि माझ्याच विद्यार्थ्याच्या आईला मी नाव नसलेली बाई करून भिंतीवर टांगले होते.

चैत्रात टोळ्या परत आल्या. मी फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि त्यांच्या वस्तीवर गेलो. बाई अंगणात भांडी घासत होती. मी झालेले सगळे सांगितले. "ताई, चुकलो," म्हणालो. तिने पदराला हात पुसून फोटो घेतला, उजेडात धरला, बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "फोटू खोटा न्हाई, सर. पर हितं नुसतं 'मजूर स्त्री' लिवलंय म्हणता. त्या फडात आमी सोळा जणी होताव. ह्यातली मी कोणती, हे कसं कळायचं?" थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "नुसतं डोक्यावरचं वझं कामून दावायलाव? त्या दिवशी आमच्या कोयत्यानं दोन टन ऊस तोडला. ते बी लिवा की."

आपल्याला माहीत आहे, ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात.

फोटोची एक प्रत मी तिला दिली. दुसरी पुन्हा सभागृहात लावायला तिने हो म्हटले. जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर तो फोटो पुन्हा लागला. खाली नवी ओळ होती. तिचे नाव, नवऱ्याचे नाव, गाव, तालुका जळकोट, एका दिवसात दोघांनी तोडलेला ऊस दोन टन. ती ओळ त्या मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहून आणली होती. या विषयावर तो माझ्याशी कधी बोलला नाही, मीही त्याला विचारले नाही. तिचे नाव मी आज आपणांस सांगत नाही. कॉलेजच्या भिंतीसाठी तिने परवानगी दिली होती, रेडिओसाठी मी ती घेतलेली नाही.

श्रोते हो, आज घरोघरी मोबाइल आहे आणि प्रत्येक मोबाइलात कॅमेरा आहे. म्हणजे आता आपण सगळेच छायाचित्रकार झालो आहोत. तेव्हा जी अपेक्षा आपण बाहेरून येणाऱ्याकडून करतो, ती आधी आपण स्वतः पाळली पाहिजे. शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. वर्षातून एकदा आपल्या शाळेत गावाच्या फोटोंचे प्रदर्शन भरवा. विषय एकच धरा. आपल्याकडची वेळा अमावास्याच घ्या ना. सगळे गाव शेतात असते, कडब्याची कोप उभी केलेली असते, आंबिलीचे बिंदगे, भज्जी, उंडे, सगळी तयारी असते. आदल्या रात्री चुलीपुढे जागणाऱ्या बायकांपासून सुरुवात करा. मुलांना सांगा, घरच्या जेवणाचा नुसता फोटो नको. ती भज्जी कुणी केली, भाज्या कुठून आल्या, तेही विचारून या. पुढच्या वर्षी गावातला शेवटचा कुंभार घ्या, धनगराचा वाडा घ्या, टँकरची रांग घ्या.

फोटो काढण्यापूर्वी विचारायचे. नको म्हटले तर कॅमेरा खिशात घालायचा. काढल्यावर तिथेच त्या माणसाला दाखवायचा. वहीत नाव, गाव, तारीख आणि चाललेले काम लिहून घ्यायचे. प्रदर्शनात फोटोखाली काय लिहिणार, ते त्याला वाचून दाखवायचे. दुसऱ्याच्या लेकराचा फोटो आईबापाला विचारल्याशिवाय लावायचा नाही, आणि व्हॉट्सॲपवर तर मुळीच पाठवायचा नाही, कारण तिथून तो कुठे जाईल हे काढणाऱ्याच्या हातात राहत नाही. छापलेल्या फोटोच्या मागे पेन्सिलीने सगळा तपशील लिहायचा. प्रदर्शन संपले की ज्याचा फोटो त्याला देऊन टाकायचा. याला फार खर्च नाही. सुतळी आणि कपड्यांचे चिमटे असले की व्हरांड्यात प्रदर्शन उभे राहते. शाळेत एक दिवस ठेवा, मग ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, मारुतीच्या पारावर, परवानगी काढून बसस्थानकावर न्या. उद्घाटनाला पाहुणा शोधत बसू नका. ज्यांचे फोटो आहेत त्यांतल्याच एका म्हातारीच्या हातून नारळ फोडा.

आणि गावकऱ्यांनाही एक सांगतो. उद्या कुणी कॅमेरा घेऊन आपल्या दारी आला तर त्याला हाकलू नका. त्याला चहा द्या, काम करू द्या. पण त्याने आपले नाव विचारले नाही तर आपण होऊन सांगा, आणि त्याचेही नाव-पत्ता विचारून ठेवा. फोटो कुठे छापणार, प्रत केव्हा पाठवणार, हे विचारण्यात काही वावगे नाही. चांगल्या छायाचित्रकाराला त्याचा राग येत नाही, उलट त्याचे काम सोपे होते.

औरंगाबादच्या त्या दुष्काळातल्या माणसांची नावे आता कुणालाच लिहिता येणार नाहीत. आजच्या माणसांची येतील, आणि ती आजच लिहावी लागतील. वेळा अमावास्येला अजून अवकाश आहे. तोवर मुलांना वह्या आखून ठेवायला सांगा.